दिव्यामागचा परवाना

'परवाना' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दू कवितेत परवाना म्हणजे दिव्याभोवती फिरणारा आणि शेवटी ज्योतीवर जळून जाणारा पतंग. मराठीत परवाना म्हणजे सरकारने दिलेली लेखी परवानगी. उर्दूतही हा दुसरा अर्थ आहेच. आज आपण ज्या परवान्याची माहिती घेणार आहोत, त्याचाही दिव्याशी संबंध आहे. घरात विजेच्या तारा ओढणाऱ्या कारागिराजवळ तो असावा लागतो.

आपले सोलापूर चादरींचे आणि टॉवेलांचे गाव. येथील यंत्रमाग विजेवर चालतात. सोलापूर हे शिक्षणाचेही गाव आहे. दयानंद महाविद्यालय १९४० साली, संगमेश्वर महाविद्यालय १९५३ साली आणि वालचंद तंत्रशास्त्र संस्था १९८३ साली सुरू झाली. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा येथून मुले शिकायला येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठी जुन्या घरांवर नवे मजले चढतात. मजला चढला की विजेचे काम आलेच.

माझ्या ओळखीच्या एका चाचांनीही अशाच चार खोल्या बांधल्या. परवानाधारक ठेकेदाराने सांगितलेली रक्कम त्यांना जास्त वाटली. एका मुलाने तेच काम कमी पैशांत करून दिले. नव्या खोल्या जुन्याच मीटरवर जोडल्या. सहा महिन्यांनी एका विद्यार्थ्याला न्हाणीघरात गिझरला हात लागताच जोराचा झटका बसला. तो मागे फेकला गेला म्हणून वाचला. नंतर बोर्ड उघडून पाहिला, तेव्हा गिझरची हिरवी तार बोर्डापर्यंत आलेली होती, पण पुढे कशालाच जोडलेली नव्हती.

चाचा मला म्हणाले, "सर, सगळे दिवे तर व्यवस्थित लागत होते!"

त्यांचे म्हणणे खरे होते आणि धोकाही नेमका तेथेच होता. दिवा लागण्यासाठी दोन तारा पुरतात. एकीला फेज म्हणतात, दुसरीला न्यूट्रल. तिसरी हिरवी तार अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडलेली असते. गिझरच्या आत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते. तेवढ्यात एमसीबी किंवा गळती ओळखणारे यंत्र पुरवठा तोडते. हिरवी तार तुटलेली असेल, तर वीज तेथेच थांबून राहते आणि हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून वाट काढते. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. जीव घ्यायला तेवढी पुरे होते.

म्हणजे दिवा लागला यावरून काम बरोबर झाले, असे म्हणता येत नाही. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. तो उपकरणाने तपासावा लागतो आणि तपासणाऱ्याने त्याखाली सही करावी लागते. कायद्याने परवाने ठेवले, ते याच कारणासाठी.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ व्या नियमाने हे बंधन घातले होते. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर आलेल्या सुरक्षा विनियमांतही ते कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे अशी किरकोळ कामे वगळली, तर विजेची नवी जोडणी, वाढ किंवा दुरुस्ती तीन जणांच्या जबाबदारीवर होते. काम हाताने करणारा तारतंत्री, म्हणजे वायरमन. त्याच्याजवळ परवाना हवा. कामावर लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक. त्याच्याजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र हवे. आणि काम अंगावर घेणारा ठेकेदार; त्याच्याजवळ अनुज्ञप्ती हवी. महाराष्ट्रात ही कागदपत्रे राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते.

तुमच्यापैकी कोणाला हा व्यवसाय करायचा असेल, तर वाट अवघड नाही. विजापूर रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय. आहे. तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात. तारतंत्रीसाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरते, वीजतंत्रीसाठी दहावी लागते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. प्रमाणपत्र शिक्षण झाल्याचा दाखला देते; काम करण्याची परवानगी मंडळाकडे वेगळा अर्ज करून घ्यावी लागते. अनेक मुले हा शेवटचा अर्ज करतच नाहीत आणि वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबतात. जे हातानेच काम शिकले, त्यांच्यासाठी मंडळाची परीक्षा असते. विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांना पर्यवेक्षक होता येते.

आता खर्चाकडे वळू या. परवान्याचे सरकारी शुल्क वेळोवेळी बदलते. चालू दर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारून घ्यावा, दलालाच्या तोंडून ऐकू नये. कमी कामगार असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते. २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही.

खरा खर्च वेगळाच असतो. ठेकेदाराला उपकरणे घ्यावी लागतात. तारेवरचे आवरण तपासायला मेगर, जमिनीची जोडणी तपासायला अर्थ टेस्टर आणि प्रवाह मोजायला टाँग टेस्टर लागतो. पर्यवेक्षकाला पगार द्यावा लागतो. मुदत संपली की परवान्याचे नूतनीकरण करावे लागते.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका ठेकेदाराला पर्यवेक्षकाच्या पगारासाठी वर्षाला १,८०,००० रुपये आणि दुकान, उपकरणे व शुल्क यांसाठी ६०,००० रुपये लागतात. एकूण २,४०,००० रुपये झाले. वर्षात त्याने १२० कामे केली, तर प्रत्येक कामावर २,००० रुपयांचा भार पडतो. विनापरवाना काम करणारा हेच २,००० रुपये कमी सांगतो. ते वाचले असे घरमालकाला वाटते. प्रत्यक्षात तपासणीच वाचवलेली असते.

मग घरी काम निघाले तर काय करावे? ठेकेदाराची अनुज्ञप्ती मागून पाहावी. तिच्यावरचे नाव, क्रमांक आणि मुदत वाचावी. तिन्ही तारा कोठे जातात, ते विचारावे. पैसे पूर्ण देण्यापूर्वी चाचणी अहवाल घ्यावा. नव्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करताना हा अहवाल द्यावाच लागतो. काम न पाहताच कोणी सही देऊ केली, तर ती घेऊ नये. अशा सहीने मीटर मिळेल, पण हिरवी तार जोडली जाणार नाही.

चाचांनी पुढे परवानाधारक ठेकेदार बोलावून चारही खोल्यांचे काम पुन्हा करून घेतले. भिंती दुसऱ्यांदा फोडाव्या लागल्या. पहिले काम करणाऱ्या मुलाला मात्र त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्याला जवळ बसवून म्हणाले, "बेटा, तुझा हात चांगला आहे. परीक्षा दे, परवाना घे. मग माझ्या घरचे काम तूच कर."

अर्ज, दाखला, मुदत, हिशेब, जबाबदारी हे सारे शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत नांदतात. यांतील शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. आज घरी गेल्यावर न्हाणीघरातील गिझर कोणी जोडला, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्या कामाखाली कोणाची सही आहे, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तपासणी करून घ्यायला सांगा; आणि तोपर्यंत गिझर बंदच ठेवायला सांगा.