लॅपटॉप सुरू होत नाही, म्हणजे मदरबोर्डच गेला असे नाही

बटण दाबूनही काहीच झाले नाही, की दोन निदाने लगेच ऐकू येतात: बॅटरी मेली किंवा मदरबोर्ड गेला. दोन्ही शक्य आहेत, पण तपासण्याआधी मान्य करण्यासारखे त्यांतले एकही नाही. भिंतीतल्या सॉकेटमधून अडॅप्टर, चार्जिंगची पिन, बोर्डावरची नियंत्रक चिप, प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन अशा क्रमाने काम पुढे सरकते. विंडोजची पाळी सर्वांत शेवटी येते. यात कुठेही खोळंबा झाला तरी आपल्याला दिसते ती काळी स्क्रीनच. म्हणून आधी शोधायचे ते हे, की काम नेमके कुठपर्यंत पोचले. आणि बऱ्याचदा ते एकही स्क्रू न काढता कळते.

सर्वाधिक फसगत चार्जरबाबत होते. पिन बसली म्हणजे चार्जर चालणारच, असे धरून चालतात. गोल पिनचे बहुतेक अडॅप्टर 19 ते 20 व्होल्ट देतात, आणि काही कंपन्यांच्या पिनमधली बारीक सुई अडॅप्टरची ओळख लॅपटॉपला कळवते. ती वाकली किंवा तुटली, तर वीज येत असूनही बॅटरी चार्ज होत नाही. यूएसबी-सीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट घ्यायचे हे आपसांत ठरवतात. मोबाइलचे अनेक चार्जर 5 किंवा 9 व्होल्टच्या पुढे जात नाहीत, तर बहुतेक लॅपटॉपना 20 लागतात. मग पिन घट्ट बसूनही लॅपटॉप ढिम्म राहतो. म्हणून आधी सॉकेटमध्ये दुसरे काही लावून पाहावे, मग योग्य वॅटचा दुसरा चार्जर. अडॅप्टरचा दिवा एरवी लागतो आणि पिन लॅपटॉपला लावताच विझतो, असे झाले तर मात्र लॅपटॉपच्या आत शॉर्ट असण्याची शंका बळावते. तिथे घरचे प्रयोग थांबवावेत.

चार्जिंगचा दिवा लागतो, पण बटणाला दाद नाही, ही अवस्था वेगळी. लॅपटॉपचे बटण पंख्याच्या बटणासारखे थेट वीज जोडत नाही. ते फक्त नियंत्रक चिपला इशारा देते. लॅपटॉप बंद असतानाही थोड्या विजेवर जागी राहणारी ही चिप कधीकधी अडकते. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरले, की अनेक मॉडेलांत ती नव्याने सुरू होते. याने हार्डवेअर बिघडते ही भीती निराधार आहे. चालू लॅपटॉपवर असे केले तर सेव्ह न केलेले काम जाते, पण बंद लॅपटॉपवर गमावण्यासारखे काही नसते. कित्येक महिने पडून राहिलेली बॅटरीही लगेच मेली म्हणू नये. लिथियम-आयन सेल फार खाली उतरला, की सुरुवातीला त्याला मुद्दाम अगदी कमी करंट दिला जातो, म्हणून अर्धा तास वाट पाहणे रास्त. टचपॅड वर उचलला असेल किंवा तळ फुगला असेल, तर हा सल्ला लागू नाही. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये.

पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा बटणासरशी बदलतो आणि तरी स्क्रीन काळी, तर लॅपटॉप चालू आहे. बिघाड बहुधा डिस्प्लेच्या बाजूला आहे. टीव्हीला एचडीएमआय केबल जोडली की ते कळते. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर तोच बिघाडाचा संकेत असतो. तो मोजून मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. अनेकदा तो रॅमकडे बोट दाखवतो, आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवणे हे बोर्ड बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे.

हे सगळे दुकानदाराचे काम, ग्राहकाने कशाला डोके लावायचे, असे कोणी म्हणेल. चिप-लेव्हल दुरुस्ती खरोखरच त्याचीच. पण ‘सुरू होत नाही’ एवढेच सांगणारा ग्राहक आणि ‘दुसऱ्या चार्जरवरही दिवा लागत नाही’ असे सांगणारा ग्राहक यांना मिळणारे उत्तर सारखे नसते. कंपनीचा लोगोही दिसत नसताना कोणी विंडोज फॉरमॅट करायला सांगितले, तर ठाम नकार द्यावा. तिथवर काम पोचलेलेच नसते, त्यामुळे बिघाड जाणार नाही आणि फायली मात्र जातील.

लॅपटॉप गेला म्हणजे डेटाही गेला, हेही खरे नाही. एसएसडी किंवा हार्ड डिस्क सुटी असेल, तर ती काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. दोन अडथळे मात्र खरे आहेत. काही पातळ मॉडेलांत स्टोरेज बोर्डालाच डाग दिलेले असते. आणि डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. बऱ्याच घरगुती लॅपटॉपची ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात शिरूनही ती पाहता येते.