पेपरच्या आधीची दहा मिनिटं

दहावी-बारावीची परीक्षा. सकाळचा पेपर अकराला, पण मुलं साडेदहालाच केंद्रावर हजर. हा अर्धा तास सर्वांत जड जातो. तळहाताला घाम, पोटात गोळा आणि रात्री तोंडपाठ असलेलं सूत्र काही केल्या आठवेना! यावरून मूल अभ्यासात कच्चं ठरत नाही. गणित सोडवताना आकडे तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती मुळात तोकडी असते. ‘नापास झालो तर?’ हा विचार तिथलीच जागा अडवतो.

शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. परीक्षेच्या तोंडावर मुलांना दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायला सांगितली. एरवी फार धास्तावणाऱ्या मुलांना त्याचा चांगला फायदा झाला.

तेव्हा पालकहो, केंद्राच्या फाटकाशी ‘तो धडा वाचलास ना?’ असं विचारू नका. घरून निघण्याआधी कोरा कागद द्या, लिहू द्या आणि तो वाचायला मागू नका. मुलाची झोप उडाली, जेवण सुटलं, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं.