ठोकळा की पाटा? पिकअपची मागची बाजू उचलण्याआधी

पिकअप मागून बसली की कुणीतरी हमखास सुचवतं, "पाट्याखाली ठोकळे टाक, दोन इंच उचलेल." उचलते, तीही कमी खर्चात. पण उंचीबरोबर ताकदही आली असं समजून लोक माल वाढवतात आणि घोटाळा तिथे होतो.

ठोकळा मागच्या एक्सलच्या हाउसिंगवरची बैठक आणि पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) गठ्ठा यांच्यामध्ये, लांब यू-बोल्टनी आवळून बसवतात. पाटे तेच राहतात. हजार किलो मालाने ते पूर्वी जेवढे दबायचे, तेवढेच आताही दबतात. फक्त दबायला सुरुवात दोन इंच वरून होते. उलट चासीखालचा रबरी बफर आणि हाउसिंग यांच्यातलं अंतर वाढतं. खड्ड्यात आपटल्यावर पाट्याला थोपवणारा बफरच उशिरा भेटला, तर पाटा नको तितका वाकतो. म्हणून ठोकळ्याबरोबर बफरही तेवढाच खाली घ्यावा लागतो. आणि काही गाड्यांत पाटे हाउसिंगच्या खालून जातात. तिथे मध्ये ठोकळा घातला तर गाडी वर जायची सोडून खाली बसते!

"ठोकळा म्हणजे जुगाडच," हे दुसरं टोक. अमेरिकेत फोर्डच्या एफ-२५० सारख्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये मागच्या पाट्यांखाली कंपनीतूनच ठोकळा येतो. नीट घडवलेल्या लोखंडी ठोकळ्याच्या एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला पाट्यांचा गठ्ठा एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं बसेल असं छिद्र असतं, त्यामुळे तो मागेपुढे सरकत नाही. जुगाड असतो तो लाकडी ठोकळा, कापलेलं चॅनेल किंवा एकावर एक रचलेले दोन ठोकळे. जुने यू-बोल्ट परत वापरणं हाही त्यातलाच प्रकार. एकदा आवळून ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. नवे घातले तरी शे-दोनशे किलोमीटर गाडी चालली की ते पुन्हा आवळून घ्यायचे.

"दोन-तीन इंचांनी काय होतंय?" याचं उत्तर जमिनीवरून मोजावं लागतं. टायर रस्त्याला ढकलतो तो जोर जमिनीपाशी लागतो आणि त्याची पिळवणूक वर पाटा सोसतो. जमिनीपासून पाटा ४५ सेंटिमीटरवर असेल आणि खाली साडेसात सेंटिमीटरचा, म्हणजे तीन इंची ठोकळा आला, तर तेवढ्याच जोराला पिळवणूक एक षष्ठांशाने वाढते. घाटात भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, हाउसिंगचं नाक वर जातं, चाकं थडथडतात. प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आणि सेंटर बोल्ट यांची आयुष्यं तिथे कमी होतात. ब्रेक दाबला की हाच पीळ उलट्या दिशेने बसतो.

मग पाटा वाढवला की प्रश्न मिटला? तेही नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो जवळजवळ दुप्पट कडक. भरलेली गाडी छान चालते. रिकामी असताना मात्र मागचं टोक उड्या मारतं आणि ओल्या वळणावर पकड सोडतं. थकलेल्या पाट्यांना थंडच ठोकून कमान मारून घेणं स्वस्त पडतं, पण ती कमान फार दिवस टिकत नाही. आणि नवा पाटा पडला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही, कारण हाउसिंग, बेअरिंग, ब्रेक, टायर जुनेच असतात.

ब्रेकची एक बाब गॅरेजात बहुधा विसरली जाते. अनेक पिकअप आणि व्हॅनमध्ये हाउसिंग व चासी यांना जोडणारी एक बारीक दांडी असते. मागची बाजू किती दबली यावरून तिचा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. ठोकळा असो वा पाटा, चासी वर गेली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि माल भरलेला असूनही मागे ब्रेक कमी लागतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या. ब्रेकचा होज आणि शॉकअप ताणले जात नाहीत ना, तेही पाहा.

कायद्याचंही ऐका. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं.

निवड करण्यापूर्वी गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. रिकामी असतानाच बसलेली असेल, तर पाटे थकलेत, ते बदला. फक्त मालाखाली बसत असेल आणि माल मर्यादेत असेल, तर माल भरल्यावरच जोर घेणारा जादा पाटा, म्हणजे हेल्पर पाटा, घ्या. मर्यादेबाहेर असेल, तर माल कमी करा. निव्वळ उंची हवी असेल, तर एकच चांगला लोखंडी ठोकळा, दोन इंचांपर्यंत. पुढच्या एक्सलवर मात्र ठोकळा कधीच टाकू नका.