आसरा : विदर्भात आणि अरब देशांत

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीहून पूर्वेकडे निघालं, की विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला निर्वासितांच्या दोन वसाहती भेटतात. दोन्हींतल्या लोकांना आसरा मिळाला, पण सारखा नाही. अरब देशांतही आसरा देशागणिक असाच बदलतो.

● तिबेटी : गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ १९७२पासून नोर्ग्येलिंग वसाहत आहे. शेती आणि हिवाळ्यातली स्वेटरविक्री ही इथली उपजीविका.

● बंगाली : पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी, मुलचेरा भागांत जमिनी देऊन वसवलं. त्यांच्यातला नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्रात नाही. जातीच्या दाखल्याची मागणी म्हणूनच जुनी आहे.

● जॉर्डन : १९४८ नंतर आलेल्या बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिलं. सीरियातून आलेल्यांसाठी २०१२मध्ये झातारी छावणी उघडली.

● लेबनॉन : पॅलेस्टिनींना नागरिकत्व नाही आणि अनेक व्यवसायांची दारंही बंद. पंथांमधला सत्तेचा तोल ढळेल, ही भीती त्यामागे आहे. सीरियन निर्वासितांसाठी सरकारने अधिकृत छावण्या उभारल्याच नाहीत.

● आखाती देश : सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार इथे परदेशी माणूस मुख्यतः कामगार म्हणून येतो. त्याचा मुक्काम नोकरी आणि परवान्यावर अवलंबून असतो.

● कायदा : १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर इजिप्तने सही केली आहे, जॉर्डन, लेबनॉन, सौदी अरेबिया आणि भारत यांनी केलेली नाही.