कुत्र्याच्या पिल्लाचे पहिले सोळा आठवडे : जबाबदार आरोग्यनिगेचे शास्त्रीय विवेचन

सारांश

कुत्र्याचे पिल्लू घरी आणल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच ते दगावण्याच्या घटना वारंवार घडतात. मातेकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरणे आणि लसीमुळे स्वतःची प्रतिकारशक्ती निर्माण होणे या दोन घटनांमध्ये जो काळ जातो, तो या मृत्यूंच्या मुळाशी असतो. प्रस्तुत लेखात या काळाचे स्वरूप स्पष्ट करून ऊब, आहार, जंतनिर्मूलन, लसीकरण, सामाजिकीकरण आणि रेबीज प्रतिबंध या अंगांनी पालकाच्या कर्तव्याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : श्वानपिल्लू, मातृप्रतिपिंडे, पार्व्हो, लसीकरण, जंतनिर्मूलन, रेबीज.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या लोकजीवनात कुत्र्याला जुने स्थान आहे. वस्तीवरचा राखणदार, धनगराच्या मेंढवाड्याचा सोबती, खंडोबाच्या परिवारातील मानाचा प्राणी अशा अनेक रूपांत तो आढळतो. नागरीकरणाबरोबर तो अंगणातून सदनिकेत आला. मात्र त्याच्या संगोपनाविषयीचे ज्ञान त्याच गतीने घराघरांत पोहोचले असे म्हणता येत नाही. पिल्लू पुष्कळदा तीस-चाळीस दिवसांचे असतानाच घेतले जाते. त्याला गाईचे दूध पाजले जाते, एक इंजेक्शन दिले जाते आणि ते सुरक्षित झाले असे गृहीत धरले जाते. पुढे ते रक्ती हगवणीने दगावले म्हणजे ‘नशिबात नव्हते’ एवढेच म्हणून विषय संपतो.

अशा मृत्यूंचे कारण बहुधा नशिबात नसून वेळापत्रकात असते. दिलेल्या इंजेक्शनांच्या संख्येपेक्षा शेवटची मात्रा कोणत्या वयात दिली हे अधिक महत्त्वाचे ठरते. ही बाब समजून घेण्यासाठी नवजात पिल्लाच्या शरीरव्यापारापासून आरंभ करणे आवश्यक आहे.

२. नवजात अवस्था : ऊब, चीक आणि माता

पिल्लू जन्मतः अंध व बधिर असते. त्याचे डोळे साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरून शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही, म्हणून ते माता व भावंडे यांच्या उबेवर सर्वस्वी अवलंबून असते. गारठलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावते. अशा स्थितीत त्याला दूध पाजणे धोक्याचे असते, कारण ते दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. यास्तव प्रथम ऊब व नंतर दूध हा क्रम कटाक्षाने पाळावा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जनही नीट करता येत नाही. माता चाटून ती क्रिया घडवून आणते. अनाथ पिल्लाच्या बाबतीत प्रत्येक वेळी दूध पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याचा तो भाग हळुवार पुसणे हे पालकाचे काम ठरते.

मातेचे पहिले दूध म्हणजे चीक. कुत्र्यांमध्ये गर्भावस्थेत वारेतून प्रतिपिंडांचा अल्प अंशच पिल्लाकडे जातो. बहुतांश संरक्षण चिकातून मिळते. चिकातील प्रतिपिंडे अखंड स्वरूपात शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर वेगाने घटते आणि पहिल्या चोवीस तासांत जवळजवळ संपुष्टात येते. त्यामुळे ज्या पिल्लाला पहिल्या दिवशी पुरेसा चीक मिळाला नाही, ते पुढील सर्व आठवडे अधिक असुरक्षित राहते. मातेचे लसीकरण झाले होते काय, ही चौकशी पिल्लू घेताना म्हणूनच अगत्याची आहे. लस न मिळालेल्या किंवा रोगाशी संबंध न आलेल्या मातेच्या चिकात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे असण्याची शक्यता कमी असते.

३. आहार

गाईचे दूध हा कुत्रीच्या दुधाला योग्य पर्याय नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या तुलनेने प्रथिने व स्निग्धांश दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. केवळ गाईचे दूध पाजल्यास पोषण अपुरे पडते आणि हगवणही लागू शकते. अनाथ पिल्लासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने श्वानांकरिता तयार केलेली दूधभुकटी वापरावी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे दूध द्यावे लागते. दूध पाजताना पिल्लू पोटावर असावे; तान्ह्या बाळाप्रमाणे त्याला उताणे धरू नये. पिल्लाचे रोज एकाच वेळी वजन करून नोंद ठेवणे ही सोपी व विश्वसनीय कसोटी आहे. वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, तर अन्य लक्षणे दिसण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ, ओलसर अन्नाची सवय लावता येते. दूध सुटल्यावर दिवसातून तीन-चार वेळा विभागून आहार द्यावा, कारण लहान पिल्लाच्या यकृतातील ऊर्जेचा साठा अल्प असतो व दीर्घ उपासाने रक्तातील साखर घटून ते मलूल पडते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा व लसूण हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी घरातील माणसांची औषधे स्वतःच्या मनाने कदापि देऊ नयेत.

४. मातृप्रतिपिंडे व लसीकरणातील दरी

मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाच्या शरीरात नव्याने तयार होत नाहीत; ती ठरावीक गतीने नाश पावतात. सुमारे दहा दिवसांनी त्यांचे प्रमाण निम्मे होते असे समजू. म्हणजे साठ दिवसांत ते सहा वेळा निम्मे होऊन मूळ प्रमाणाच्या चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. आता एकाच वेतातील दोन पिल्ले घेऊ. पहिल्याने भरपूर चीक प्याला आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याच्या एक-चतुर्थांश आला. दुसऱ्या पिल्लाची पातळी आरंभापासूनच दोन टप्पे खाली असल्याने त्याचे संरक्षण पहिल्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधी संपेल. बाह्यतः मात्र दोन्ही पिल्ले सारखीच गुबगुबीत व खेळकर दिसतील.

खरी अडचण यापुढे आहे. मातृप्रतिपिंडे जशी रोगाच्या विषाणूला निष्प्रभ करतात, तशीच लसीतील क्षीण केलेल्या विषाणूलाही करतात. रोग रोखण्यासाठी प्रतिपिंडांची जी पातळी लागते, तीपेक्षा कमी पातळीही लस निष्फळ करण्यास पुरेशी असते. परिणामी काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे, अशी दरी निर्माण होते की रोग होऊ शकतो, पण लस लागू पडत नाही. ही दरी कोणत्या पिल्लात कोणत्या वयात येईल हे पाहून सांगता येत नाही. सहाव्या आठवड्यात दिलेली लस एका पिल्लाला उपयोगी पडते, तर त्याच्या भावंडात ती वाया जाते.

लसीच्या अनेक मात्रा देण्यामागचे कारण हेच होय. प्रत्येक नवी मात्रा म्हणजे आधीची निष्फळ ठरली असल्यास मिळणारी नवी संधी असते. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस व पार्व्हो या रोगांविरुद्धच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू कराव्यात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्याव्यात आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे किंवा त्याहून अधिक वयात द्यावी. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक मात्रा देण्याची शिफारसही त्यांत आहे. दोन-तीन मात्रा झाल्या म्हणून बाराव्या आठवड्यातच थांबणे ही त्यामुळे गंभीर चूक ठरते. लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत त्या रोगाची लसही आवश्यक मानली जाते. कोकण व मुंबईच्या पावसाळ्याचा विचार करता हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

लसीची साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात व्हावी लागते. औषधाच्या दुकानातून आणून उन्हात खिशात बाळगलेली लस टोचली जाते, पण तिचा गुण येईलच याची शाश्वती नसते. लस पशुवैद्यकाकडेच घ्यावी, आणि त्या दिवशी पिल्लाला ताप, हगवण किंवा अशक्तपणा नाही याची खात्री करून घ्यावी.

५. पार्व्होचे संकट

पार्व्हो विषाणूचा हा श्वानरोग १९७८ मध्ये जगाच्या निदर्शनास आला आणि अल्पकाळात सर्वत्र पसरला. हा विषाणू आतड्यांच्या अस्तरातील व अस्थिमज्जेतील वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्यामुळे उलट्या व दुर्गंधीयुक्त रक्ती हगवण सुरू होते आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशी घटून प्रतिकारशक्ती कोसळते. पाणी व क्षार कमी झाल्याने लहान पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावू शकते. उपचार न झाल्यास बहुसंख्य पिल्ले मरतात. वेळीच सलाईन व अन्य आधारोपचार मिळाल्यास बहुसंख्य वाचतात. म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार येथे घातक ठरतो.

हा विषाणू माती व फरशीवर अनेक महिने टिकतो. तो पादत्राणांतून, भांड्यांतून व हातांतूनही घरात येतो. अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. जागा आधी धुऊन, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून केलेले द्रावण दहा मिनिटे ठेवल्यास तो नष्ट होतो. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले, तेथे लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणणे म्हणजे त्याच संकटाला पुन्हा निमंत्रण देणे होय.

६. जंत व बाह्य परजीवी

गोलकृमीच्या अळ्या मातेच्या शरीरातून गर्भावस्थेतच पिल्लात शिरतात, तर अंकुशकृमी दुधावाटे येतात. अर्थात स्वच्छ घरात वाढलेल्या पिल्लालाही जंत असू शकतात. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजनानुसार जंतनाशक देण्याची पद्धत यातूनच आली. गोलकृमीची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेल्यास अळ्या त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत किंवा डोळ्यांतही पोहोचू शकतात. पिल्लाचे जंतनिर्मूलन हा त्यामुळे कुटुंबाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. पिसवा व गोचीड रक्त शोषतात आणि गोचिडांमुळे रक्ताचे गंभीर रोगही होतात. परंतु मोठ्या कुत्र्यांसाठीची गोचीडनाशके लहान पिल्लास विषारी ठरू शकतात. अगदी लहान वयात बारीक फणीने व हाताने ती काढणेच इष्ट.

७. संसर्गापासून दूर, माणसांच्या जवळ

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. श्वानवर्तनाच्या अभ्यासानुसार सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा काळ सामाजिकीकरणाचा असतो. या काळात माणसे, आवाज व अन्य प्राणी यांचा सुखद परिचय न झालेले पिल्लू पुढे भित्रे किंवा आक्रमक होण्याचा संभव असतो. यावर मध्यममार्ग उपलब्ध आहे. पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता व बाजार दाखवावा, घरी भिन्न वयाच्या माणसांची भेट घडवावी, लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांशी खेळू द्यावे. मात्र मोकाट कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर त्याला सोडू नये.

याच कारणास्तव पिल्लाला माता व भावंडांपासून आठ आठवड्यांपूर्वी वेगळे करू नये. केंद्र शासनाच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. तीस दिवसांचे पिल्लू विकणारा व घेणारा दोघेही या तरतुदीच्या हेतूला हरताळ फासतात.

८. रेबीज : पिल्लू आणि माणूस

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांपासून होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. ‘लहान पिल्लू आहे, त्याच्या दाताने काय होणार’ हा समज जीवघेणा आहे, कारण पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. पिल्लाला बारा आठवड्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्याव्यात. तत्पूर्वी पिल्लाने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट लावण्यात वेळ दवडू नये. २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात स्वीकारले आहे; त्याची पूर्तता घराघरांतील लसीकरणावर अवलंबून आहे.

महाविद्यालयांच्या परिसरात मोकाट कुत्री विते आणि विद्यार्थी कळवळून पिल्ले वसतिगृहात आणतात, हे दृश्य अपरिचित नाही. माता अन्न शोधण्यास गेलेली असू शकते. म्हणून प्रथम दुरून वाट पाहावी. ती परतत असेल तर पिल्ले तिच्याजवळच राहू द्यावीत, तिला अन्न-पाणी द्यावे आणि दूध सुटल्यावर तिचे लसीकरण व निर्बीजीकरण घडवून आणावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत या कार्यास स्थान देणे शक्य आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने, तसेच मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालये यांचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येईल.

९. समारोप

पिल्लाची निगा हा केवळ भूतदयेचा विषय नाही. मातेची प्रतिकारशक्ती ओसरत असताना आणि स्वतःची अद्याप आलेली नसताना पिल्लाला वाचवणारे जे काही असते, ते म्हणजे पालकाची जागरूकता. आठ आठवडे मातेजवळ, सोळा आठवड्यांपर्यंत लसींचे वेळापत्रक, वजनाची नोंद, नियमित जंतनाशक आणि उलटी-हगवण दिसताच त्याच दिवशी उपचार, एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ अकाली मृत्यू टाळता येतात. ज्या कुटुंबाला हे चार महिने देणे शक्य नाही, त्याने पिल्लू न आणण्याचा निर्णय घेणे, हीदेखील जबाबदार पालकत्वाचीच एक रीत होय.