फाल्गुनात गौताळ्याला जाच!

देवगाव रंगारीकरांनो, आपल्याच कन्नड तालुक्यात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली घोषित झालेलं. बहुतेक जण तिथे पावसाळ्यात धबधबे बघायला जातात. मला विचाराल तर झाडांच्या फुलांसाठी फाल्गुनच खरा.

हे पानगळीचं जंगल. पानं झडल्यावर पळस फुलतो, म्हणून त्याचा केशरी रंग लांबूनही नजरेत भरतो. एक फूल जवळून बघा. पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळीत पुंकेसर दडलेले असतात. मधासाठी आलेले शिंजीर आणि मैना अंगाला पराग माखून पुढच्या झाडावर जातात. पुढे शेंग धरते ती चपटी, बी एकच आणि तेही टोकाला. वाऱ्यावर उडायला किती सोयीची रचना!

काटेसावरीची जाडजूड लाल फुलं झाडाखालीच सापडतात. धायटी मात्र वर बघत चालणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. उतारावरचं हे साधं झुडूप, पण फांदीभर बारीक लाल नळ्यांसारखी फुलं! आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात.

सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या. गवत वाळलेलं असतं, तेव्हा काडी-विडी अजिबात नको.