रक्ताच्या नव्या वाटा

बोट कापलं की काही दिवसांत जखम भरून येते आणि आपण ती विसरूनही जातो. पण त्या भरलेल्या जागेत बारीक रक्तवाहिन्या नव्याने उगवलेल्या असतात. त्यांना उगवायला कोण सांगतं?

मी बी.ए. झालेला कवी, विज्ञानाचा माणूस नव्हे. तरी हा निरोपांचा कारभार मला ओढून घेतो. पेशीला प्राणवायू कमी पडला की तिच्यात एक प्रथिन साठू लागतं. एरवी, प्राणवायू पुरेसा असताना, ते सतत मोडलं जातं. साठलं की ते व्हीईजीएफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढवतं. हा निरोप्या. तो जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराशी पोचतो. तिथली एक पेशी पुढे सरसावते, शेजारणींना ‘तुम्ही मागे राहा’ असं कळवते. मागच्या पेशी वाढत जातात आणि पोकळ नळी तयार होते. रक्तासोबत प्राणवायू आला की निरोप थंडावतो. पेशी प्राणवायूची चणचण कशी ओळखतात, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

पण निरोप थांबलाच नाही तर? कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेऊनच मोठी होते, असं बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं ते २००४ मध्ये.

आमच्या आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या येताहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नव्या येतायत, मग चांगलंच की!”

तसं नसतं. वाढलेल्या साखरेने पडद्याच्या केशवाहिन्या बुजतात. उपाशी पडदा प्राणवायूसाठी हाका मारत राहतो. त्या हाकेला उगवलेल्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या झिरपतात, फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं. अशा वेळी व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन थेट डोळ्यात देतात. ते बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, काहींना लेसरही लागतो. वेळेवर उपचार झाले तर दृष्टी पुष्कळदा वाचते.

अडचण एवढीच, की सुरुवातीला डोळा दुखत नाही, दिसायलाही नीट दिसतं. म्हणून मधुमेह असेल तर चांगलं दिसत असतानाच, दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं नव्हे.